हॉलंडला गेलेला करंडा

महाडच्या आमच्या संग्रहालयाला संग्रहालय म्हणणं म्हणजे जरा धाडसच होतं. वाचनालयाच्या माडीवरच्या दोन खोल्या, एक कुलूप आणि ते कुलूप उघडायला जाणारी माझी आत्या. पण त्या खोल्यांमागे एक मित्रमंडळ होतं, आणि नव्वदच्या दशकात त्या मंडळाला चक्क परदेशी मैत्रीण मिळाली. ती मैत्री कशी जुळली आणि कशी विटली, हे माझ्याशिवाय सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

आत्या तरुणपणीच विधवा झाली आणि पोलादपूरकडचं सासर सोडून आमच्याकडे महाडला आली. बालवाडीत शिकवायची. बडबडी, हसरी आणि कामाला वाघ. मंडळातल्या इतर बायका समारंभाला ठेवणीतल्या साड्या नेसून यायच्या; आत्या आदल्या दिवशी जाऊन फरशी पुसून यायची. समारंभात मात्र ती दाराशी उभी राहायची. हळदीकुंकवाचं तबक फिरायला लागलं की तिला नेमकं बाहेर काहीतरी काम निघायचं.

एका वर्षी हॉलंडमधल्या कुठल्याशा छोट्या गावातले लोक रायगड बघायला आले. आमच्यासारखेच, आपल्या गावच्या संग्रहालयाचे हौशी मित्र. मंडळाने गडाच्या पायथ्याशी पाचाडला त्यांच्या जेवणाची सोय केली. तांदळाच्या भाकऱ्या थापायला अर्थातच आत्या. जेवणं झाल्यावर त्यांच्यातली एक उंच बाई आपलं ताट उचलून थेट मोरीवर आली आणि आत्याशेजारी बसून घासू लागली.

"अगो, ठेव ते! पाहुण्यांनी भांडी घासायची नसतात!" आत्या ओरडली.

तिला काय कळणार? ती हसत घासतच राहिली. मी तेव्हा कॉलेजात होते, त्यामुळे दुभाषी मी. माझं इंग्रजी तुटकं आणि तिचंही तुटकंच, म्हणून आमचं झकास जमलं. तिच्या गावाला समुद्राच्या पाण्याची भीती, आमच्या बाजारपेठेला सावित्री नदीच्या. तिचा नवरा आदल्या वर्षी गेला होता, आत्याचा कधीचाच. भांडी घासून होईपर्यंत एवढं सगळं बोलून झालं होतं.

मग पत्रं सुरू झाली. आत्या सांगायची, मी लिहायची. "लिही, भात कापून झाला. लिही, गुडघा दुखतो. लिही, तुझी आठवण येते." मी म्हणायची, अगं, संग्रहालयाबद्दलही काही सांग. "त्यात काय सांगायचं? ते हाय तिथंच हाय."

पुढे त्या बाईनेच सुचवलं की दोन्ही गावांनी मिळून घरगुती वस्तूंचं एक प्रदर्शन करावं, आधी महाडला, मग तिच्याकडे. आमच्या अध्यक्षांना तलवारी हव्या होत्या. शिंकाळ्यांत आणि पाट्यावरवंट्यांत त्यांना राम दिसेना. पण पाहुणी स्वतः उद्घाटनाला येणार म्हटल्यावर सगळे तयार झाले. गावोगावहून कणग्या आल्या, पावसात डोक्यावर घ्यायची इरली आली. कुवेतहून परतलेल्या आमच्या शेजारच्या चाचांनी आपल्या आजीची सुरमेदाणी दिली. मिळेना तो फक्त कुंकवाचा करंडा.

"रोजच्या वापरातला करंडा असा घराबाहेर कसा द्यायचा?" बायका म्हणाल्या. "अपशकुन होईल."

आत्या उठून घरी गेली. ट्रंकेच्या तळातून तिने आपला पितळी करंडा काढला, चिंचेने लखलखीत घासला आणि आणून टेबलावर ठेवला. "माझा रिकामाच हाय," ती म्हणाली. दिसायला बरं दिसावं म्हणून मग कुणीतरी त्यात कुंकू भरलं.

पाहुणीला आणायला आम्ही दोघी वीर स्टेशनला गेलो. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने सगळ्या फलाटासमोर आत्याला कवटाळलं. आत्या लाजून चूर झाली. "सोड गो, लोक बघतात," म्हणाली, पण स्वतः काही सोडलं नाही. माडीवर पोचताच तिने पाहुणीला पहिल्यांदा करंडा दाखवला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सांगितलं, माझा.

उद्घाटन झालं, भाषणं झाली, आणि बायकांनी पाहुणीची ओटी भरायला घेतली. एकेक जण पुढे होऊन तिला हळदकुंकू लावू लागली. तिचा नवरा आहे की नाही, हे एकीनेही विचारलं नाही. गोऱ्या बाईला कोण विचारतं? ज्या बायकांनी माझ्या आत्याला इतकी वर्षं तबकापासून लांब ठेवलं, त्याच एका विधवेचं कपाळ हौसेने भरत होत्या. मला राग आला आणि हसूही. मी आत्याकडे पाहिलं. मला वाटलं, तिला लागलं असेल. पण तिचा चेहरा नुसता फुलला होता.

तेवढ्यात पाहुणीने टेबलावरचा तो करंडा उचलला, बोट कुंकवात बुडवलं आणि सरळ दाराकडे गेली, आत्यापाशी.

आत्या मागे सरली. पाहुणीला वाटलं, लाजते आहे; ती हसून आणखी पुढे झाली. आत्याने मान फिरवली आणि तिचा हात बाजूला सारला. पाहुणीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने रुमालाला बोट पुसलं. अध्यक्षांच्या बायकोने घाईघाईने चहा आला म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर पाहुणीने मला विचारलं, "माझं काय चुकलं?" मी तोंड उघडणार, तोच आत्याने माझं मनगट धरलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न कळला होता.

"सांगू नको."

"अगं, तिला वाटतंय, तू तिला झिडकारलंस."

"वाटू दे. कळलं तर ती आत्ताच्या आत्ता कपाळ पुसेल. राहू दे तिच्या कपाळी."

आत्या दमली आहे, असं काहीतरी मी सांगितलं. पाहुणीने मान हलवली. जेवण झाल्यावर तिने ताट उचललं नाही. पाहुण्यासारखी उठली आणि हात धुऊन आली.

परतीच्या दिवशी वीरला आत्याने करंडा फडक्यात बांधून तिच्या हातात दिला, तिकडच्या प्रदर्शनासाठी. तिने आभार मानले आणि हात मिळवला. कवटाळलं नाही.

त्यानंतर पत्रं आटली. नव्या वर्षाचं कार्ड यायचं, तेही मंडळाच्या नावाने. आत्या पोस्टमनला काही विचारायची नाही, पण तो यायच्या वेळेला अंगणातच असायची. खरं काय ते लिहू का, असं मी किती वेळा विचारलं. नको म्हणजे नको. मला त्या बायकांचा राग यायचा, आत्याचाही यायचा. आयुष्यात मिळालेली एकुलती एक मैत्रीण तिने चिमूटभर कुंकवापायी घालवली, आणि तेही दुसरीच्या कपाळावरच्या. ह्याची हळहळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मग एकदा एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, फक्त तिकडच्या प्रदर्शनाचा एक फोटो. काचेच्या पेटीत आत्याचा करंडा, आणि त्याखाली तिकडच्या भाषेत आणि इंग्रजीत एक पाटी. भिंगातून वाचून मी आत्याला मराठीत सांगितलं, "महाडच्या बायका मैत्रीची खूण म्हणून हे कुंकू एकमेकींच्या कपाळाला लावतात."

"एकमेकींच्या! कुठल्या एकमेकींच्या?" मी भडकले. "साफ खोटं आहे हे. मी आजच लिहून त्यांना पाटी बदलायला सांगते."

आत्याने फोटो माझ्या हातातून घेतला. पदराने पुसला, जवळ धरून पुन्हा पाहिला.

"राहू दे गो," ती म्हणाली. "एका तरी गावात तसं असू दे."