कोणीही हात लावू नये

पहिल्या वर्षी मला स्पर्धेतून माझ्या वडिलांनी बाद केलं.

स्पर्धा सायकलींची होती. मुंबईतल्या काही हौशी मंडळींनी ठरवलं होतं की पहाटे महाडहून निघायचं, पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठायचं, तिथून खाली वाईला उतरायचं आणि दिवस मावळायच्या आत त्याच वाटेने महाडला परत यायचं. माणसाने असं का करावं, हे पत्रकात लिहिलं नव्हतं. नियम मात्र लिहिले होते. त्यातला मुख्य असा, की वाटेत काहीही मोडलं तरी ज्याचं त्याने दुरुस्त करायचं. दुसऱ्या कोणी सायकलला हात लावला, तर स्पर्धक बाद.

आमची वाडी त्याच घाटात, रस्त्याच्या वरच्या अंगाला. म्हशी, शेळ्या आणि थोडी नाचणी. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होतो आणि बायकोसह महाडात भाड्याच्या खोलीत राहत होतो. वडील वाडीवरच. त्या वर्षी घाट चढताना वाडीखालच्या वळणावर माझी चेन उतरली. उतरलेली चेन चढवायला मला पानाला चुना लावण्याइतका वेळ लागतो. तेवढ्यात वडील माझ्या चुलत्यांना घेऊन खाली पोचले. एकाने मागच्या चाकाला दगड लावला, दोघांनी सायकल उचलून धरली, वडिलांनी चेन चढवली आणि मग सगळ्यांनी मिळून मला पुढच्या वळणापर्यंत ढकललं. मागून मोटरसायकलवर पंच येत होते. वडिलांनी त्यांनाही थांबवून ताक दिलं. त्यांनी ताक पिऊन पेला परत केला आणि मला बाद केलं.

"दुसरं कोन?" वडील त्यांना म्हणाले. "मी बाप हाय त्याचा."

पंचांनी मान डोलावली, पण निकाल बदलला नाही. कारखान्यात माझं नाव ढकलगाडी पडलं. कँटीनमध्ये रांगेत उभा राहिलो की मागचा हसतहसत पाठीला हात लावायचा. मला याचा इतका राग यायचा की पुढच्या वर्षी ही वाट स्वतःच्या हिमतीवर पुरी करायचीच, हे मी बायकोला न विचारता ठरवून टाकलं.

वडिलांची चूक काढणंही अवघड होतं. घाटात बंद पडलेली गाडी तशीच टाकून पुढे जायचं नाही, ही आमच्या वाडीची रीत. वळणावळणावर कठड्याला टेकून चाकाखाली लावायचे दगड ठेवलेले असत, ते आमच्याच लोकांनी. ट्रकचं इंजिन खालच्या वळणावर रडायला लागलं की वडील हातातली भाकरी ठेवून उठत. एकदा लग्नाला निघालेली जीप बंद पडली तेव्हा नवरामुलगा आमच्या अंगणात जेवून पुढे गेला. तेव्हा दुसऱ्या वर्षी मला दोन गोष्टी तयार करायच्या होत्या, सायकल आणि वडील. सायकल सोपी होती.

ती जाड टायरची, गिअरवाली डोंगरी सायकल मुंबईतल्या मावसभावाने हौसेने घेतली होती. जवळपास डोंगर नाही हे त्याच्या नंतर लक्षात आलं आणि ती माझ्याकडे आली. महाडातल्या सायकलवाल्याने तिचे गिअर बघून हात वर केले होते. त्यामुळे दिवाळी झाल्यावर मीच तिला खोलीच्या ओट्यावर पोतं अंथरून पुरती खोलली. चेन रॉकेलमध्ये भिजवली, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं, ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी बदलल्या. कारखान्याच्या सवयीने प्रत्येक नट आवळून झाल्यावर त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

"हळद लागलेली दिसते," बायको म्हणाली. "मुहूर्त कधीचाय?"

खरी अडचण पिशवीची झाली. आमच्या कारखान्यात प्रत्येक पंपाशेजारी तसाच दुसरा पंप बसवलेला असतो. एक बंद पडला की दुसरा चालू. अशा ठिकाणी आयुष्य गेलेला माणूस एक ट्यूब घेऊन घराबाहेर पडू शकत नाही. मी ट्यूबा घेतल्या, टायर घेतला, चेन घेतली, स्पोक, वायरी, ब्रेकचे रबर, पाने, पकड, हातोडी, पंक्चरचं सगळं सामान दुहेरी, आणि हवा भरायचे पंप दोन. बायको नाते गावची, शेतातली ओझी उचलून वाढलेली. तिने पिशवी उचलून बघितली आणि परत खाली ठेवली.

"शर्यतीला चाललाय की दुकान टाकायला?"

मग तिनेच बसून एकेक वस्तू बाहेर काढली. ही कधी लागली, असं विचारायची, आणि मला आठवलं नाही की ती वस्तू तिच्या बाजूला जायची. शेवटी उरली एक ट्यूब, पंक्चरचे पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर, टायर उचकटायच्या पट्ट्या, दोन पाने, चेन तोडायचं हत्यार आणि एक पंप. हातोडी तिने नारळ फोडायला ठेवून घेतली. सुट्टीच्या दिवशी ती स्वतः ट्यूबला सुई टोचायची आणि मी पंक्चर काढेपर्यंत समोर बसून बघायची. हे काम ती जरा जास्तच आवडीने करायची.

मग मी वाडीवर गेलो. वडील गोठ्यात होते. मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग दगड तेवढा लावतो."

"दगडपन नाय, बाबा."

"सायकल मागं गेली तर?"

"जाऊ दे."

हे त्यांना पटलं नाही. मी कारखान्यातली गोष्ट सांगितली. यंत्रावर काम चालू असलं की त्याला लाल पाटी बांधतात, ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची, मॅनेजर आला तरी हात लावत नाही. वडिलांना मॅनेजरचं काही विशेष वाटलं नाही. ते बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

"म्हंजे देवाच्या रानातलं लाकूड," ते म्हणाले.

वाडीच्या वर देवाचं रान आहे. तिथलं झाड वाऱ्याने पडलं तरी कोणी उचलत नाही. घरात चुलीला काटकी नसली तरी नाही. ते तिथेच कुजतं.

"आडवं पडलं तरी उचलायचं नाय," ते म्हणाले.

"व्हय, तसंच."

"मंग हे आधी सांगायचं ना रे."

मी खुशीत घाट उतरलो. स्पर्धेचा नियम सायकलपुरता होता आणि मी त्यांच्या हाती त्याहून फार मोठा नियम दिला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी घाट चढताना बघतो तर आख्खी वाडी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला हात मागे बांधून उभी. शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखी. कोणी हाक मारली नाही, कोणी शाब्बास म्हटलं नाही. वडील तर माझ्याकडे न बघता दरीकडे बघत होते. मला हसू आलं आणि त्या जोरावर मी पुढची दोन वळणं चढलो.

वाईहून परत येताना, घाट उतरत असताना, वाडीच्या वळणावरच मागच्या चाकाची ट्यूब धारदार खडीवर फुटली. मी सायकलसकट खडीत घसरत गेलो. गुडघा आणि कोपर सोलून निघालं. उठून बसतोय तोवर सगळे धावत आले, आणि थोड्या अंतरावर थबकले. वडील दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उभे होते.

"हात नाय लावायचा," ते म्हणाले.

मी सायकल उलटी केली. जवळची ट्यूब घातली, पण घाईत पट्टीच्या टोकाने तीही फाडली. आता पॅच लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कोपराचं रक्त ट्यूबवर गळायचं आणि सोल्युशन धरायचं नाही. माझी पाण्याची बाटली पडताना दरीत गेली होती. वडिलांच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"बाबा, पानी चालतं. प्यायला चालतं."

"त्या मोटरसायकलवाल्याला येऊ दे."

"नियमात बसतं, बाबा."

धाकटी चुलती रडायला लागली, तिला त्यांनी वर घरी जायला सांगितलं. तांब्या खाली ठेवला आणि हात मागे घेतले. धार काढताना वासराला ओढून धरतात, तसं त्यांनी एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. मी मान खाली घालून पॅच दाबत राहिलो.

पंच आले. गेल्या वर्षीचेच होते. त्यांनी माझा गुडघा बघितला, मग वडिलांकडे वळून विचारलं, कोणी हात लावला का?

"नाय," वडील म्हणाले. "कुनी पानीबी दिलं नाय."

चोरी कबूल करावी तशा आवाजात ते बोलले. पाणी द्यायला काही हरकत नव्हती, असं पंचांनी सांगितलं, तसा त्यांनी वाकून तांब्या उचलला. निम्मं पाणी माझ्या तोंडापर्यंत पोचायच्या आत सांडलं.

पॅच टिकला. महाडात पोचलो तेव्हा जरासा उजेड होता. माझा नंबर शेवटून दुसरा. शेवटचा जो आला तो वाटेत जेवायला थांबला होता. कारखान्यात दोन दिवस पेढे वाटत फिरलो.

पुढच्या सुट्टीला प्रशस्तिपत्रक घेऊन वाडीवर गेलो. वडिलांनी ते हातात घेतलं नाही. माझ्या गुडघ्यावरची पट्टी त्यांनी अंगठ्याने हलकेच दाबून बघितली.

"पुढच्या साली वरंध्याच्या घाटानं जा," ते म्हणाले.

"स्पर्धा इकडनंच असते, बाबा."

"मंग मला आधी सांग. त्या दिसाला मी वाडीवर नसन. पावन्यांकडं जाईन ऱ्हायला."

वडील म्हशी सोडून एक रात्रही कधी कुठे राहिले नव्हते.