ओव्याच्या पुरचुंडीवर धावणारा माणूस

आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले त्या वर्षी ज्याची त्याची काही ना काही गैरसोय झाली. कुणाचं दफ्तर हललं, कुणाची बदली झाली. आमच्या घरात मात्र आनंद झाला, कारण जिल्हा लहान झाला आणि त्याचं टोक आमच्या ह्यांच्या पायांच्या टप्प्यात आलं.

ह्यांना धावायचं वेड लग्नाआधीपासूनचं. मावल्यात आमचं किराणा दुकान. ते उघडण्याआधी हायवेने आठ-दहा किलोमीटर पळून यायचं, हाच ह्यांचा देवधर्म. पन्नाशी जवळ आली तसं अंतर कमी व्हावं, तर ते वाढतच चाललं. आता तर ध्येयच सापडलं होतं. नेरडीगोंड्याच्या पुढे, जिथे आमचा जिल्हा संपून नवा सुरू होतो, तिथपर्यंत एका दमात धावत जायचं.

"तिथं तुमचं काय ठेवलं हाय?" मी विचारलं.

"काई नाई. हद्द पाहून येतो."

पटवाऱ्यालासुद्धा एवढी हौस नसेल.

तयारीच्या त्या दिवसांत ह्यांची एकच तक्रार. लांब पळालं की छातीत फडफड होते. आमच्याकडे छातीत काहीही झालं तरी त्याचं मूळ पोटात असतं, यावर माझ्या सासरचं आणि माहेरचं एकमत आहे. "वात हाय, वर चढून राह्यला," हे म्हणाले आणि मी लगेच ओवा भाजला, काळं मीठ चोळलं, सुती फडक्यात पुरचुंडी बांधून खिशात दिली. फडफडलं की थांबायचं, चिमूटभर चावायचं, दोन घोट पाणी प्यायचं. थोड्या वेळाने बरं वाटायचं. थांबल्यामुळे बरं वाटत असेल, अशी शंका दोघांनाही आली नाही. सगळं श्रेय ओव्याला. शेजारणींना मी वर ऐटीत सांगायची, "आमच्या गाडीले डिझेल नाई, ओवा लागते." पुरचुंड्या लवकर संपायला लागल्या, तशा मी मोठ्या बांधायला लागले.

एका सकाळी वाटेतल्या गुडीहत्नूरच्या चहावाल्याचा फोन आला. रिक्षा करून गेले तर हे त्याच्या बाकड्यावर बसलेले. घामाने निथळत होते, ओठ पांढरे पडले होते आणि मुठीत रिकामं फडकं होतं.

"काऊन बसले?"

"ओवा संपला," म्हणाले.

मला हसू आलं नाही. छातीला हात लावला तर ठोक्यांना ताळतंत्र नव्हतं. तीच रिक्षा आदिलाबादला दवाखान्यात नेली.

डॉक्टर तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलायचे. ईसीजीची पट्टी काढून त्यांनी समजावलं की ठोक्यांची लय बिघडली आहे. वर्षानुवर्षं इतकं लांब धावणाऱ्या काही जणांच्या हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. सगळ्यांचं असं होत नाही, ह्यांचं झालं होतं. मग त्यांनी विचारलं, "कब से हो रहा है?"

"दो महिने से, साब," हे म्हणाले.

जिल्हा तुटला तेव्हा मावल्यात नव्या मंडळाच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीची पाटी लागली, त्या आठवड्यात मी पहिली पुरचुंडी बांधली होती. मला पक्कं आठवत होतं.

"दो साल से," मी म्हणाले. "हर बार अजवाइन मैंने बाँधके दी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला तिथेच रडू फुटलं. दोन वर्षं चेष्टा करत करत मी माझ्याच माणसाला मरणाच्या वाटेवर शिदोरी बांधून देत होते.

गोळ्यांनी लय बसली. लांब पळणं बंद झालं, चालायची परवानगी मिळाली. हद्द राहिली म्हणून ह्यांची कुरकुर मात्र थांबेना. शेवटी एक दिवस मी बसने घेऊन गेले. नव्या जिल्ह्याच्या पाटीपाशी उतरलो. ह्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. इकडे कापूस, तिकडेही कापूस.

"इथं तं काईच नाई."

"म्हनलं व्हतं ना मी."

तेवढ्यात ह्यांचा हात खिशाकडे गेला. मी मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवली.

"अवो, सवयीनं गेला हात," हे म्हणाले. "सोड, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

ठोके सरळ पडत होते. तरीही परतीची बस येईपर्यंत मी मनगट सोडलं नाही.