मापात बसलेला रिपोर्ट

गल्लीतल्या शिंप्याला दोन विद्या येत. एक शिवणाची, दुसरी रिपोर्ट वाचायची. दुसरी त्यानं आपली आपणच कमावली होती. रक्ताचा रिपोर्ट हाती आला की माणसं आधी त्याच्या मशीनपाशी येत. गळ्यातली टेप सावरत तो आकड्यांवरून बोट फिरवी आणि म्हणे, "हे तुमचं माप, शेजारी निरोगी माणसाचं. मापात बसलं की घरी जा."

वीस वर्षं हा मान चालला. मग धाकट्या भावाचं लग्न झालं आणि लॅबमध्ये रक्त तपासणारी भावजय घरात आली. महिन्याभरात लोक मशीनला वळसा घालून सरळ आत जाऊ लागले. आतून तिचं शांत बोलणं ऐकू आलं की त्याचा पाय मशीनवर उगाच जोरात पडे, दोरा तुटे.

"दादा, चहा ठेवू?"

"आधी तुझी गर्दी आवर."

एकदा त्याच्या बायकोचाच रिपोर्ट आला. हल्ली जिना चढताना तिला दम लागायचा. त्यानं तो घाईघाईनं स्वतःच वाचला. "हिमोग्लोबिन बारा पूर्णांक दोन. बाराच्या वर हवं, वर आहे. धडधाकट आहेस."

"अहो, तिला दाखवलं तर तुमचं काय झिजेल?" म्हणत बायकोनं कागद जावेच्या हातात दिला.

भावजयीनं विचारलं, "जाऊबाई, मागच्या वर्षी किती होतं?"

शिंप्याचा चेहरा उतरला. जुने रिपोर्ट तो पाठकोरे म्हणून वापरी, मागं गिऱ्हाइकांची मापं लिही. त्यानं डबा उपडा केला. कुणाच्या तरी पँटच्या मापामागं बायकोचं नाव निघालं. चौदा पूर्णांक सहा.

"दोन्ही मापातच आहेत, दादा," ती हळू म्हणाली. "पण वर्षात एवढं उतरलं. रक्त कुठं जातंय, ते डॉक्टरांनी बघायला हवं."

गिऱ्हाईक इंचभर रोडावलं तरी तो दारातच ओळखायचा. घरातलं माणूस मात्र नजरेतून निसटलं होतं.

बायकोच्या जठरात जखम निघाली. वेळेत कळलं, औषधानं भरली.

पुढं शेजारीण रिपोर्ट घेऊन आली. त्याचा हात सवयीनं पुढं गेला, मागं आला. "आत जा, तिच्याकडे," तो कसाबसा म्हणाला. मग राहवेना. "थांबा! मागच्या वर्षीचा कुठाय? आधी तो आणा. आमच्याकडे जुन्याशिवाय नवा वाचत नाहीत!"

आत भावजय हसली. त्याचा दोरा तुटला.