आक्काचा आवाज आणि सतरा शहाण्यांचा कॉम्प्युटर

लग्नात आहेराच्या कपबशा कशा, कुणी मागितलेल्या नसतात, तरी माळा भरतो. किस्स्यांचं तसंच आहे. आमच्या येळ्ळूरच्या घरात एक कॉम्प्युटर यायचा होता, एकच! तो यायच्या आधी घरात एवढे किस्से साठले की ठेवायला जागा नाही. मला लिहायवाचायला येत नाही. पण कोण काय बोललं, कुठं बसून बोललं आणि तेव्हा चहात साखर कमी होती का जास्त, हे मी विसरत नाही. मी सांगते, माझी नात वैशू टाईप करते. माझे शब्द सुधारायचे नाहीत म्हणून तिला आधीच दम दिलाय.

आता मूळ गोष्ट. माझी थोरली जाऊ, तिला घरात लहानथोर सगळे आक्काच म्हणतात. हळदीची, घाण्याची, पाठवणीची गाणी गावात तिला येतात तेवढी कुणाला येत नाहीत. ती पुढं म्हणते, मी आणि शेजारची तानी मागनं उचलतो. एवढी वर्षं असंच चाललं. तर आक्काच्या घशात गाठ निघाली. बेळगावच्या डॉक्टरनं ऑपरेशनला तीन आठवड्यांनंतरचा दिवस दिला आणि सांगितलं, "जीवाला धोका नाही. आवाजाचं मात्र सांगता येत नाही."

वैशू त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज्जी, आक्काची सगळी गाणी घरातच रेकॉर्ड करायची. स्टुडिओत ती बुजती."

आधी मोबाईल आमच्या तिघींच्या मधे ठेवून बघितलं. ऐकलं तर आक्का विहिरीतनं गातेय आणि तानीच्या बांगड्या कानाला लागून! म्हणून नीट माईक पाहिजे, कॉम्प्युटर पाहिजे आणि त्यात गाणं धरून ठेवायचं सॉफ्टवेअर पाहिजे असं ठरलं. पगार वैशूचा, काम वैशूचं, हातात दिवस तीन आठवड्यांचे. आणि अक्कल चालवायला सगळा गाव!

*

पहिल्यांदा गेलो बेळगावच्या एका दुकानात. वैशू, तिचा बाप म्हणजे माझा मुलगा परशा, आणि मी. मला डोळ्याचं औषध आणायचं होतं म्हणून मी.

वैशू विचारते, "ह्याचा फॅन किती आवाज करतो? एका वेळी चार माईक लावले तर अडकणार नाही ना?"

तो दुकानदार उत्तर देतो परशाला! "सर, मॅडमसाठी हे बघा. हलकं आहे. गुलाबी कलरमध्ये पण येतं."

परत वैशू विचारते. परत तो परशाकडं बघतो. आणि आमचा परशा मान हलवतोय, सगळं कळल्यासारखा! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे बाबा, ह्याला घरात टीव्हीचा आवाज कमी करायचा असला तर पोरीला हाक मारतोय. तिच्याशी बोल की!"

तर मला म्हणतो, "आज्जी, तुम्ही दमलाय. बसा, थोडं पाणी घ्या."

म्हटलं, "पाणी पाज तुझ्या त्या गुलाबी कॉम्प्युटरला!"

परशा वाटेत बसमध्ये म्हणाला, "चार ठिकाणी विचारू आणि मग घेऊ." हे चार ठिकाणी विचारणं लई वाईट. बाईनं एकदा विचारलेलं असतं, ते पुरुषांनी चारदा विचारल्याशिवाय खरं होत नाही.

*

चार ठिकाणांतलं पहिलं ठिकाण म्हणजे निपाणीचे आमचे जावई. ते ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात. बसतात एवढं नक्की. पुढचं मला माहीत नाही.

रविवारी गाडीत घालून एक धूड घेऊन आले. कपाटाएवढं. त्याला काच, काचेच्या आत लाल, हिरवे, निळे दिवे. पोरं त्यावर गेम खेळतात म्हणे. "सासूबाई, ह्याच्यापेक्षा पॉवरफुल सगळ्या तालुक्यात न्हाई!"

चालू केलं मात्र, आतनं असा घरघराट सुटला की तानी पदर खोचून उठली. "गिरण चालू झाली काय गं? माझं दळण न्यायचंय!"

आक्कानं दोन ओळी म्हटल्या. परत लावून ऐकलं तर पुढं गिरण आणि मागं कुठंतरी आक्का. वैशू हळूच म्हणाली, "मामा, आवाज लई येतोय." जावई म्हणाले, "आवाजाकडं बघू नको गं, पॉवर बघ!"

गाणं धरायला आणलेल्या मशीनच्या आवाजाकडं बघायचं नाही! ऐकताय ना?

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जावयानं आणलेली वस्तू परत ने, असं कोण म्हणणार? कुणी म्हणेना. ते धूड आठ दिवस सोप्यात बसलं. जावई दुरुस्त करायला तीनदा आले, तीनदा पुरण घातलं. आक्काच्या तीन आठवड्यांतले आठ दिवस पुरणात गेले!

शेवटी आक्काच म्हणाली. घसा दुखत होता, तरी गोडीनं म्हणाली, "जावईबापू, हे तुमी मांडवाच्या दारात उभं करा, लई शोभंल. गाणं आमी तवर परड्यात जाऊन म्हणतो."

जावई हसले आणि घेऊन गेले. पुरणाचा डबा पण घेऊन गेले.

*

मग आला सागर. माझ्या दिराचा नातू. त्याचा डीजे आहे. वरातीत आमच्या घराच्या पत्र्यांना कंप सुटतो, तो ह्याचाच. ह्याच्या त्या धडधडीखाली हळदीची गाणी ऐकू येईनाशी झाली, आणि तीच गाणी वाचवायला हाच आला! म्हणाला, "वैशूताई, सॉफ्टवेअर विकत कशाला घ्यायचं? माझ्याकडं हाय की. क्रॅक!"

मी विचारलं, "क्रॅक म्हंजे काय रं?"

"म्हंजे आज्जी, कंपनीनं कुलूप घातलेलं असतंय, ते तोडलेलं."

"म्हंजे चोरीचं!"

"चोरीचं काय ओ त्यात? सगळेच वापरतात."

वैशू नको नको म्हणत होती. ती आंघोळीला गेली तेवढ्यात परशानं सागरला तिचा कॉलेजचा जुना लॅपटॉप काढून दिला. "फुकटात होतंय तर हूं दे की!" झालं फुकटात. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडला तर पडदा काळा, त्यावर इंग्रजी अक्षरं, आणि वैशूचे फोटो, कागद, कॉलेजपासून साठवलेलं सगळं गडप!

सागर डोकं खाजवत म्हणाला, "असं कधी होत न्हाई ओ आज्जी. आत व्हायरस कुठनं आला कळंना."

म्हटलं, "दार तूच फोडलास की रं मुडद्या! आता चोर कुठनं आला म्हणून मला विचारतोस?"

*

सागरची चूक सागरलाच लागली असेल. भरपाई म्हणून तो मोबाईलवरचं आक्काचं गाणं घेऊन गेला आणि सुधारून घेऊन आला. सुधारून! "आक्का, तुमचे सूर जरा हिकडंतिकडं होते. सगळे सरळ केले. श्वासाचा आवाज पण काढून टाकला. ऐका, एकदम क्लीन!"

मला तर वाटलं, नऊवारीला इस्त्री करून निऱ्याच मोडून आणल्या ह्यानं. मी बोलणार, तेवढ्यात आक्कानं हात वर केला. सगळं ऐकलं. मग विचारलं, "बाई कोण ही?"

"आक्का, तुमीच की!"

"मी? ही दम घेत न्हाई, आवंढा गिळत न्हाई, कुठं अडत न्हाई." आक्कानं त्याच्याकडं नीट बघितलं. "मेलेली हाय रं ही. मला आजून आठ दिस हायत."

सागर त्या दिवशी चहा न पिता गेला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशू कुणाला न सांगता उठली, रजा टाकली आणि निपाणीला गेली. एका बाईचं दुकान आहे तिथं. बाई कन्नड बोलणारी. तिनं म्हणे पहिला प्रश्न विचारला तो असा, "गाणार कोण? बसून गाणार का उभ्यानं?" वैशू सांगते, आज्जी, मला तिथंच रडू आलं. पंधरा दिवसांत हे विचारणारी ही पहिली!

संध्याकाळी वैशूनं पिशवीतनं वस्तू काढल्या. ताटाएवढा एक लॅपटॉप, ज्याच्यात फॅनच नाही. माईक जोडायची एक डबी. दोन माईक. सॉफ्टवेअर साधं, पण रीतसर विकत घेतलेलं, कुलूपकिल्लीसकट.

परशानं लॅपटॉप हातात तोलून बघितला. "एवढासा? ह्यात काय मावणार?"

म्हटलं, "तुझं शहाणपण सोडून सगळं मावंल. ठेव खाली!"

*

वैशू माझी नात आहे, म्हणून तिचं सोडीन असं समजू नका. तिनं पण एक करून दाखवलंच. तिनं आक्काच्या कानावर ते हेडफोन चढवले. आत काहीतरी टक टक टक वाजतं, त्या ठेक्यावर गायचं, म्हणजे गाणी नंतर जुळवायला सोपी. आणि एकेकीनं वेगवेगळं गायचं. आधी आक्का, मग मी, मग तानी.

आक्कानं एक ओळ म्हटली आणि हेडफोन काढून ठेवले. "कोण टोचतंय गं मला हे?"

"आक्का, लय चुकू नये म्हणून असतंय ते."

"माझी लय?" आक्का एवढी चिडलेली मी पहिल्यांदा बघितली. "हळद कुटताना पाच बायकांची पाच मुसळं माझ्या गाण्याच्या मागनं पडत्यात. मी मुसळाच्या मागनं कधी गेलो न्हाई! आणि ह्या टकटकीच्या मागनं जाऊ व्हय?"

टकटक बंद झाली. मग तानीला एकटीला माईकपुढं बसवलं. तानी म्हणजे गावभर तोंड चालणारी बाई. इथं नुसती आ करून बसली. शब्द फुटेना.

वैशू म्हणाली, "मावशी, म्हणा की. रोज म्हणताय."

तानी म्हणाली, "मी आक्काच्या मागनं म्हणते गं. पुढं आक्काच न्हाई, तर मी कशाच्या मागनं म्हणू?"

वैशूनं तानीचा माईक उचलला आणि आक्काच्या माईकशेजारी नेऊन ठेवला. ते वेगवेगळं गायचं खूळ तिथंच संपलं.

*

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी शेवटची बैठक. पंखा बंद, फ्रिज बंद. परशाला बाहेर कट्ट्यावर बसवलेला. गल्लीत ट्रॅक्टर आला की हात आडवा करून थांबवायचा, एवढंच काम त्याला दिलं, आणि ते त्यानं चांगलं केलं. घामानं चौघी भिजलो. गाणी एकेक करून सगळी झाली. राहिलं हळदीचं.

त्यात नवरीचं नाव घालावं लागतं. नावाशिवाय हळदीचं गाणं म्हणत नाहीत आमच्यात. वैशू म्हणाली, "आक्का, नावाची जागा मोकळी सोड. पुढं ज्या पोरीचं लगीन, तिचं नाव मी मागनं चिकटवते."

"चिकटवायला ती काय लग्नपत्रिका हाय?" आक्काचा आवाज बसत चालला होता. "नाव मीच घेणार. कर चालू."

आणि तिनं सुरू केलं.

"कुटा गं हळद, मुसळ हळू टाका,
वैशूबाई नवरी, उन्हाला तिला झाका."

मग तेच परत, वैशूच्या धाकट्या बहिणीचं नाव घालून. मग तानीच्या नातीचं. मग भावकीतल्या एकेका पोरीचं. शाळेत जाणारीचं, रांगणारीचं, गेल्या महिन्यात बारसं झालेलीचं सुद्धा. मी आणि तानी मागनं उचलत होतो. आक्का मधे पाणी पीत होती, खोकत होती, परत नाव घेत होती. एक पोरगी सुटली नाही. परशा, जावई, सागर, ज्यांनी ज्यांनी दिवस खाल्ले, त्या सगळ्यांच्या लेकीबाळींना हळद लावून झाली.

वैशूनं बटणाकडं हात नेला.

"थांब," आक्का म्हणाली. "एक राह्यलं."

आणि म्हटलं,

"कुटा गं हळद, मुसळ हळू टाका,
चंपाबाई नवरी, उन्हाला तिला झाका."

मी उचलायचं विसरले. तानी पण विसरली. भावकीत चंपा नाही. गल्लीत नाही. एवढी वर्षं एका चुलीवर काढली आम्ही जावाजावांनी, हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

वैशूनं विचारलं, "आक्का, चंपा कोण गं?"

आक्कानं तांब्यातलं उरलेलं पाणी संपवलं. "मीच की," म्हणाली. "सदलग्याच्या माहेरातली. तुमच्या घरानं तांदळात दुसरं नाव लिहायच्या आदीची."

मग आमच्या दोघींकडं वळली. "काय गं, आ करून बसलाय? उचला की मागनं!"