कुंपणातला उभा दगड

आमच्या माळावर इतिहासाच्याही आधीचा एक उभा दगड आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावच्या म्हशींनी मान घासून त्याची एक बाजू गुळगुळीत केली आहे. आजवर त्याला कुणी जपलं नव्हतं, नुसतं वापरलं होतं. गेल्या महिन्यात तारेचं कुंपण आलं, पाटी लागली: ‘संरक्षित स्मारक. स्पर्श करू नये.’ बरंच झालं. नाहीतर कुणी पायरीसाठी फोडलाही असता.

काल शेजारच्या अनसाकाकूंची म्हैस सवयीने तिथे थांबली आणि पाटीच्याच खांबाला मान घासू लागली.

“अगं ए, तो सरकारी आहे,” काकू तिला म्हणाल्या. “त्याला सोसायचं नाही तुझं.”

खरंच, पाटी एका बाजूला कलली होती. कुंपणाआड दगड मात्र ताठ उभा होता.