सहा पानांतला प्रल्हाद

शरयू किल्लेदारने भारतात परत जावं की नाही, याचा निकाल शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळाने तिला न विचारताच लावून टाकला होता. नवरा गेला, मूलबाळ नाही, मग इथे राहून करणार काय? प्रल्हाद गेला त्या जानेवारीत, १९८३ च्या, भेटायला येणारा प्रत्येक जण बुटांवरच्या बर्फाबरोबर हाच प्रश्न घरात घेऊन यायचा. आमच्या मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या सुमित्राकाकू तर विमानाचं तिकीट कुठल्या महिन्यात स्वस्त पडतं, तेही सांगून गेल्या. मी तिथेच स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. हातात लाटणं असूनही मी गप्प राहिले. माझा स्वभाव ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही.

मी नंदा. शरयूच्या घरापासून दोन रस्ते सोडून राहते. आमचे नवरे रोज एकाच आगगाडीने शिकागोला कामाला जायचे, त्यातून आमची ओळख झाली आणि मग नवऱ्यांना बाजूला ठेवून आम्ही मैत्रिणी झालो. प्रल्हाद इंजिनियर. उंच, किडकिडीत, कान बाहेर आलेले आणि डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर, त्यामुळे कायम काहीतरी न पटल्यासारखा दिसायचा. एक्केचाळिसाव्या वर्षी ऑफिसात जेवणाचा डबा उघडता उघडता तो गेला. डबा शरयूने भरलेला. पुढे तिने तो घासून पुसून घेतला आणि त्यातूनच स्वतःचं जेवण न्यायला लागली. लोकांना ते विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. डबा चांगला होता.

तीही शिकागोतच एका कंपनीत ड्राफ्टिंगचं काम करायची, शहराच्या गटारांचे आणि पाण्याच्या पायपांचे नकाशे. कोल्हापूरला चित्रकलेचा डिप्लोमा केलेली बाई, आणि काढायची काय, तर गटारं. मंडळाला तिचा उपयोग वर्षातून एकदा व्हायचा, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पणती काढून द्यायला. दरवर्षी पणतीच हवी असायची.

संध्याकाळी गाडीतून उतरून ती घरी यायची आणि सगळ्या खोल्यांमधले दिवे लावायची. मग टीव्ही लावायची, बघायला नव्हे, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. शनिवार-रविवार तिच्या तोंडून एखादा शब्द निघाला तर तो दुकानातल्या मुलीला ‘थँक यू’ म्हणताना. हे तिनेच मला सांगितलं, आणि तेही तक्रार म्हणून नाही, आज थंडी किती आहे ते सांगावं तसं. मी तिला जेवायला बोलवायची, ती यायचीही. पण जेवून परत जायचं ते त्याच घरात, त्याला मी काय करणार?

पुढच्या हिवाळ्यात एकदा बर्फामुळे गाड्या रखडल्या. स्टेशनवर उभं राहून पाय गारठले, म्हणून ती जवळच्या एका तळघरातल्या कॉमिकच्या दुकानात शिरली, नुसती ऊब मिळावी म्हणून. तिथे एका खोक्यात ब्रिटनहून आलेली पातळ पातळ पुस्तकं पडली होती. पुस्तकं कसली, झेरॉक्सचे कागद मधोमध दुमडून दोन पिना मारलेल्या आणि वर रंगीत कागदाचं कव्हर. त्यात केप घालून उडणारे वीर नव्हते. कुणीकुणी नोकरी सांभाळून स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढलेल्या चित्रकथा होत्या. भुतांच्या, अंतराळातल्या, खुनाच्या. प्रत्येक गोष्ट पाच-सहा पानांत सुरू होऊन तिथेच संपणारी. अशा अंकांच्या शंभर-दोनशे प्रती काढायच्या, एखाद्या पबच्या माडीवर कॉमिकचा बाजार भरतो तिथे विकायच्या, उरलेल्या पोस्टाने पाठवायच्या. मानधन वगैरे काही नाही. ज्याची गोष्ट छापली त्याला दोन प्रती फुकट, बस्स. एवढ्यासाठी माणसं महिनोन्महिने डोळे फोडून घेतात, याचं मला अजून नवल वाटतं.

शरयूने त्यातला ‘बॅक स्टेअर्स’ नावाचा एक अंक विकत घेतला. आत संपादकाचा पत्ता होता. इंग्लंडमधल्या हल गावचा डेरेक नावाचा कुणी विमा कंपनीतला कारकून. साहेब घरी गेले की ऑफिसच्याच मशीनवर अंक काढतो, असं त्याने पहिल्या पानावर खुशाल लिहून टाकलं होतं. गोष्ट पाठवणाऱ्यांसाठी त्याचा नियम एकच. गोष्ट त्याच अंकात संपली पाहिजे, पुढच्या वेळी माणसं नवी आणि जागाही नवी. क्रमशः वगैरे भानगड नाही.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एका शनिवारी मी तिच्याकडे गेले, तर चहाच्या कपाशेजारी एक हिरव्या कव्हरचं चोपडं ठेवलेलं.

“वाच,” ती म्हणाली. “माझी स्टोरी आहे.”

मला भुतंखेतं आवडत नाहीत. कॉमिक तर मी मुलाच्या हातातून काढून घेते. पण तिचा चेहरा बघून वाचायला घेतलं. एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट होती. बुडालेली जहाजं त्याच्याकडे येऊन घरची वाट विचारतात आणि तो बिचारा प्रत्येकाला नीट समजावून सांगतो. दुसऱ्या पानावर रखवालदार जिना चढता चढता मागे वळून बघतो. डावी भुवई वर.

“शरयू, हा प्रल्हाद आहे.”

“हो.”

“फोटो बघून काढलास?”

“नाही गं. फोटोत तो एकाच बाजूने आहे आणि उगाच हसतोय. इथे एका स्टोरीत तीस-चाळीस चौकटी असतात. त्याला मागून काढावं लागतं, खालून काढावं लागतं, चिडलेला, झोपलेला, जिना उतरताना. ते फोटोत कुठे मिळणार? मग आठवावंच लागतं. दिवाळीच्या सुमाराला एकदम लक्षात आलं, त्याचा कान मागून कसा दिसायचा तेच मला आठवत नाहीये. इतकी घाबरले मी. मग पेन्सिल घेऊन बसले, तर हाताला आठवला. आता काढत राहायचं. थांबले तर तो जाईल, नंदा. परत जाईल.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला रागही आला. मी चहा गार झाला म्हणून कुरकुर केली.

त्यानंतरच्या तीनेक वर्षांत मी प्रल्हादला काय काय झालेलं पाहिलं! तो मंगळावर गेला आणि तिथला गळका नळ दुरुस्त करत बसला. धुक्यात चोराचा पाठलाग करणारा डिटेक्टिव्ह झाला आणि सर्दीने बेजार झाला. गटारांचे नकाशे तिला तोंडपाठ, त्यामुळे लंडनच्या गटारातल्या राक्षसाची गोष्ट तर फारच झकास जमली. गर्द काळा रंग झेरॉक्समध्ये विटतो, मधेच पांढरे डाग पडतात, म्हणून ती अंधारसुद्धा बारीक रेघांनी भरायची. एका चौकटीतल्या अंधाराला अख्खी संध्याकाळ जायची. घरभर दिवे आणि टीव्ही लावायचं तिने बंद केलं.

गोष्टीत त्याचं नाव दर वेळी वेगळं. कधी हॅरिस, कधी कॅप्टन वुड. भूत असो, राक्षस असो, शेवटच्या चौकटीत तो कुठल्या तरी दारातून घरात शिरायचा. तुमच्या गोष्टींचे शेवट फार मवाळ असतात, अशी डेरेकची तक्रार असायची, पण छापायचा. तिकडच्या वाचकांना दर वेळी एक नवा माणूस भेटत होता. तो प्रल्हाद किल्लेदार आहे, हे साऱ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं. एकदा सुमित्राकाकूंनी तिच्या टेबलावरचा अंक चाळला आणि “लहान मुलांचं दिसतंय,” म्हणून खाली ठेवला. त्यांनी तर प्रल्हादच्या बारशाला जेवल्यासारखा हक्क गाजवला होता. त्यांनाही तो दिसला नाही.

मग १९८७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्या अंकात कार्डिफच्या एका वाचकाचं पत्र छापून आलं. या चित्रकाराला एकच चेहरा काढता येतो का, असं त्याने विचारलं होतं. दीपगृहवाला, अंतराळवीर, डिटेक्टिव्ह, सगळी एकाच आईची मुलं दिसतात, म्हणे. सोबत डेरेकची चिठ्ठी. सभ्य माणूस, त्यामुळे सुरुवातीला भरपूर कौतुक. पण मुद्दा साधा होता. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र हवी, वाचक नव्या माणसाला भेटायला येतो, तेव्हा पुढच्या वेळी चेहरा बदला, नाहीतर थोडे अंक थांबा.

“त्या कार्डिफच्या मेल्याचं काय जातंय?” मी म्हटलं. “दुसरीकडे पाठव. नाहीतर कुणालाच पाठवू नकोस, स्वतःसाठी काढ.”

“स्वतःसाठी काढलेलं पुरं होत नाही गं. डेरेकची डेडलाइन असते म्हणून मी सहा पानं भरते. आणि तिकडे कुणीतरी पान उलटतं ना, तेव्हा तो चालतो. इथे ड्रॉवरमध्ये ठेवून काय करू?”



तिने चेहरा बदलायचा प्रयत्न केला. गाडीत तिकिटं तपासणाऱ्या गलेलठ्ठ कंडक्टरचा चेहरा घेऊन एक गोष्ट सुरू केली. दोन पानं झाली आणि तिने ती फाडली. “मी त्या माणसाला जिना चढवते,” ती म्हणाली, “पण तो वर का चाललाय, याचं मला काही सोयरसुतकच नाही.” उन्हाळाभर तिने काहीच काढलं नाही. घरातले सगळे दिवे परत लागायला लागले, टीव्हीही. मी फिरायला ये म्हटलं तर ऑफिसात काम आहे म्हणायची. एकदा मी भाजी चिरत असताना तिचा फोन आला.

“नंदा, त्याच्या कपाळावर आडवी आठी एक होती की दोन?”

मी आठवून पाहिलं. माझ्या नवऱ्याला विचारलं, तो तर वर्षानुवर्षं प्रल्हादच्या समोरच्या बाकावर बसायचा. त्यालाही सांगता येईना. दुसऱ्याच्या कपाळाकडे कोण एवढं बघतं? मी तिला तसं सांगितलं. “बरं,” म्हणून तिने फोन ठेवला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तो तिच्या हातून सुटत चालला होता आणि धरायला मी काहीच देऊ शकत नव्हते.

पानगळीच्या दिवसांत ती मला दुकानात भेटली, तेव्हा डेरेकला गोष्ट पाठवली म्हणाली.

“चेहरा?” मी विचारलं.

“बदलला,” ती म्हणाली आणि टोमॅटो निवडायला लागली. मला वाटलं, संपलं. एका परीने बरंच झालं, असंही स्वतःला समजावून पाहिलं. पटलं नाही.

अंक आला तो ख्रिसमसच्या आसपास. बूटसुद्धा न काढता ती थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. आधी डेरेकची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. अखेर नवा माणूस भेटला, असं त्याने लिहिलं होतं. तुमची आजवरची सगळ्यांत चांगली गोष्ट, पुढच्या अंकासाठीही पाने राखून ठेवली आहेत.

“आता हे बघ,” ती म्हणाली आणि अंक उघडला.

एका बंद पडलेल्या स्टेशनचा म्हातारा स्टेशनमास्तर होता. रुळांवर गवत वाढलंय, तरी रोज संध्याकाळी एक गाडी येते, तिच्यात गावातली गेलेली माणसं बसलेली असतात. ती त्याला हात करून बोलावतात. तो घड्याळ बघतो, शिट्टी देतो आणि गाडी सोडतो. स्वतः चढत नाही. म्हातारा ऐंशीचा असावा. टक्कल, गाल आत गेलेले, मानेची कातडी लोंबणारी, जाड चष्म्याआड डोळे बारीक झालेले. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचा, कारण हात कापत होते.

“ओळख,” शरयू म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. ती माझ्याकडे बघत उभी होती, कोटावरचा बर्फ वितळून फरशीवर थेंब पडत होते. मला तो म्हातारा कुठेच भेटल्यासारखा वाटेना.

“खरं सांग हं,” ती म्हणाली.

“नाही गं. कोण आहे?”

“प्रल्हाद.”

मी झटकन पानं मागे उलटली. भुवया शोधल्या, त्या पांढऱ्या होऊन चष्म्यावर आल्या होत्या. कान शोधले. एकेका चौकटीवर बोट ठेवून पाहिलं. तिने वर्षामागून वर्षं त्याच्या अंगावर चढवली होती, आधी केस काढले, मग दात, मग उंची थोडी कमी केली. सगळं बरोबर असणार, तिचा हात चुकायचा नाही. पण मला तो दिसला नाही. तिकडे हल गावात कुणाला दिसला नाही, कार्डिफला दिसला नाही, आणि आता मलाही नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी अंक मिटून टाकला.

“सॉरी, शरयू.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने खुर्ची ओढली, बसली आणि अंक परत उघडून समोर ठेवला.

“सॉरी कशाला? मलाही तो ओळखू येत नाही,” ती म्हणाली. “एवढा म्हातारा मी त्याला कधी पाहिलाय?”

“मग?”

“मग काय. अजून दोन-चार स्टोऱ्या त्याच्याबरोबर काढल्या की होईल ओळख.” तिने म्हाताऱ्याच्या कापऱ्या हातांवरून बोट फिरवलं. “लग्न झालं तेव्हा तरी मी त्याला कुठे ओळखत होते?”