स्क्वाड्रन बंद झाली त्या दिवशीचे पेढे

सांगायला लाज वाटते, पण सांगतेच. आमच्या लेकाची स्क्वाड्रन बंद झाली त्या दिवशी मी इथल्या सेक्टर सतराच्या बाजारातून पेढे आणले होते.

तो उडवायचा ती लढाऊ विमानं फार जुनी, म्हणून ती कायमची उतरवली. आमचे हे एअर फोर्समध्ये मेकॅनिक होते, त्यांची उमेदीची वर्षं त्याच विमानांच्या इंजिनांत गेली. उड्डाणाआधी कागदावर मेकॅनिकची सही लागते, की विमान ठीक आहे. ती झाली की मगच पायलट चढतो. पुढे आमचाच मुलगा पायलट झाला, तेही त्याच विमानांवर. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हतं. टीव्हीवाले सांगत होते, स्क्वाड्रन आधीच कमी, नवी विमानं वेळेत येत नाहीत, देशाला ही चिंता. मला मेलीला कसली चिंता? माझा मुलगा खाली उतरला, एवढंच.

विमानांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला हे कोट घालून, मेडल्स लावून गेले. मी गुडघ्यांचं निमित्त सांगून घरीच राहिले. दुपारी शेजारच्या सरदारणीच्या फाटकाशी जाऊन तिला पेढा दिला.

"किस खुशी में, बहनजी?"

"बेटे का वो खटारा जहाज बंद हो गया जी. जान छूटी."

तिनं माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि हात जोडले. वळून पाहते तर कार्यक्रमाहून परतलेले हे उभे.

घरात आल्यावर कोट न काढताच बसले. म्हणाले, "खटारा?"

"अहो, तोंडातून गेलं."

"मी सही करायचो तेव्हाही तुला अशीच भीती वाटायची?"

"नाही हो. तेव्हा कधीच नाही."

ह्यांचा चेहरा उजळला. माझ्या सहीवर तुझा भरवसा होता म्हणजे, असं म्हणून स्वतःच्या हातानं पुडा उघडून एक पेढा खाल्ला. वर म्हणाले, "गोड जरा जास्तच आहे."

मी मान हलवली. खरं होतं ते वेगळंच. तेव्हा वर जायची ती दुसऱ्या बायकांची मुलं. डोक्यावरून विमानं गरजत जायची आणि मी क्वार्टरमध्ये पंखा लावून दुपारची झोप काढायची. खाली किती परतली, हे एकदाही ह्यांना विचारलं नाही.

हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.